विद्यार्थ्याच्या ‘हो’चा अर्थ

बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याने वर्षभरात काय शिकावे, त्यासाठी त्याला कोणती मदत मिळावी आणि त्याची प्रगती कशी मोजावी, हे अनेक देशांत वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याद्वारे, म्हणजे ‘आयईपी’द्वारे, ठरवले जाते. अमेरिकेत १९७५च्या कायद्याने हा आराखडा बंधनकारक केला आणि तो ठरवणाऱ्या बैठकीत, योग्य असेल तेव्हा, स्वतः विद्यार्थ्यालाही स्थान दिले. प्रत्यक्षात मात्र त्याच्या वाट्याला बहुधा ऐकण्याचेच काम येते. जेम्स मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १०९ बैठकांमध्ये कोण किती बोलते याची नोंद केली. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विशेष शिक्षकांच्या बोलण्याचा वाटा ५१ टक्के, कुटुंबीयांचा १५ टक्के आणि विद्यार्थ्यांचा अवघा ३ टक्के होता. हे विद्यार्थी निरनिराळ्या अक्षमता असलेले होते. ज्यांना भाषा आणि अमूर्त कल्पना समजायला अधिक वेळ लागतो, त्यांच्यासाठी ही वाट आणखी बिकट असणार, हे उघड आहे.

विद्यार्थ्याला नुसते विचारल्याने प्रश्न सुटत नाही. प्रश्न नीट कळला नाही, किंवा समोरच्या मोठ्या माणसाला काय हवे आहे याचा अंदाज आला, की बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक व्यक्ती ‘हो’ म्हणून मोकळ्या होतात, ही प्रवृत्ती संशोधकांनी १९८०च्या दशकातच नोंदवली होती. ‘तुला शिवणकाम शिकायचे आहे ना?’ या प्रश्नाला मिळालेला होकार म्हणूनच संमती मानता येत नाही. त्याऐवजी दोन कामांची चित्रे समोर ठेवावीत, काही वेळाने त्यांचा क्रम बदलून पुन्हा विचारावे आणि उत्तरासाठी घाई न करता थांबावे. उत्तर तेच आले, तर त्यावर अधिक विश्वास ठेवता येतो. मात्र जे काम विद्यार्थ्याने कधी पाहिलेलेच नाही, त्याचे चित्र त्याला फारसे काही सांगू शकत नाही. त्यामुळे निवड करण्यापूर्वी दोन्ही कामे थोडा वेळ करून पाहण्याची संधी त्याला मिळायला हवी. माझ्या मते सर्वाधिक टाळाटाळ होते ती इथेच, कारण यासाठी शिक्षकांना वेळापत्रक मोडावे लागते.

बैठकीची तयारीही शिकवता येते. आपली ओळख करून देणे, आवडीनिवडी सांगणे, समजले नाही तर तसे म्हणणे आणि ‘मला थोडा वेळ हवा’ अशी मागणी करणे, यांचा छोट्या टप्प्यांत, पुन्हा पुन्हा सराव करून घेतला जातो. मार्टिन यांच्याच गटाच्या प्रयोगात असे प्रशिक्षण मिळालेले विद्यार्थी इतरांपेक्षा जास्त बोलले आणि बैठक सुरू करण्यात व पुढे नेण्यातही त्यांचा सहभाग वाढला. जे बोलत नाहीत, त्यांना चित्रफलक, आवाज देणारे साधन किंवा आधी चित्रित केलेली ध्वनिचित्रफीत यांचा आधार घेता येतो.

विद्यार्थी आणि पालक यांचे म्हणणे जुळले नाही, तर ते मतभेद गुळगुळीत शब्दांत झाकू नयेत. विद्यार्थ्याची इच्छा त्याच्याच शब्दांत आराखड्यात लिहावी, ती स्वीकारली नसल्यास कारणही नोंदवावे आणि पुढच्या बैठकीत सर्वांत आधी तीच नोंद त्याला वाचून दाखवावी.