बिट-क्लृप्त्यांचे ग्रंथ

पूर्णांकाकडे संख्या म्हणून न पाहता बिटांची (० किंवा १ या अंकांची) ओळ म्हणून पाहायचे आणि अँड, ऑर, एक्स-ऑर, शिफ्ट (बिट सरकवणे), बेरीज-वजाबाकी अशा मोजक्या आज्ञांत काम उरकायचे, या पद्धतींना बिट-क्लृप्त्या म्हणतात. त्यांचे संकलन व विवेचन करणारे ग्रंथ संख्येने थोडे आहेत.

विल्क्स, व्हीलर व गिल यांच्या एड्सॅक संगणकावरील पाठ्यपुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९५७) शब्दातील (संगणक एकत्र हाताळतो त्या ठरावीक लांबीच्या बिटगटातील) १ असलेले बिट मोजण्याची गिलीस व मिलर यांची कार्यपद्धती आढळते. शेजारच्या बिटांच्या बेरजा करत गट वाढवत नेण्याची तिची कल्पना आजही वापरात आहे.

क्ष & (क्ष − १) या क्लृप्तीचे जनकत्व मात्र वादग्रस्त आहे. तिने सर्वांत उजवीकडचा १ पुसला जातो: ४४ म्हणजे १०११००, ४३ म्हणजे १०१०११, दोहोंचे अँड (दोन्हींत १ असेल तिथेच १) १०१००० म्हणजे ४०. शून्य येईपर्यंत हे केले की जितके फेरे तितके १ (४४ साठी तीन). कर्निघन व रिची यांच्या सी भाषेवरील पुस्तकात (दुसरी आवृत्ती, १९८८) ती स्वाध्याय म्हणून आल्याने कर्निघन यांचे नाव तिला चिकटले. पीटर वेग्नर यांनी ती १९६० मध्येच प्रसिद्ध केली होती, तर डेरिक लेमर यांची स्वतंत्र मांडणी १९६४ मध्ये बेकेनबाख संपादित ग्रंथात आली. आद्य प्रकाशनाचा मान वेग्नर यांना देणारे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रत्यक्ष वापर त्याआधीचा असणे अशक्य नाही. याच सूत्राचे उत्तर == ने ० शी ताडून क्ष हा २ चा घात आहे का हे तपासतात, पण ० सुद्धा त्या चाचणीत उत्तीर्ण होतो, म्हणून तो वेगळा वगळावा लागतो. सी भाषेत == ची क्रिया & च्या आधी होते; सूत्राभोवतीचा बाहेरचा कंस राहिला तर उत्तर चुकते आणि संकलक (कंपायलर) बहुधा फक्त इशारा देऊन थांबतो.

बीलर, गॉस्पर व श्रोपेल यांचे ‘हॅकमेम’ (एमआयटी, फेब्रुवारी १९७२) हे टिपणवजा संकलन आहे. त्यातील १६९ वी नोंद ३६ बिटांच्या शब्दातील १ मोजते: सहा-सहा बिटांच्या गटांत उपबेरजा साठवून शेवटी ६३ ने भागून बाकी घेते. प्रत्येक गटाची स्थानिक किंमत ६४ चा घात असते आणि ६४ ला ६३ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून ती बाकी गटांची बेरीजच असते. मात्र बेरीज ६३ पेक्षा कमी हवी. ६४ बिटांच्या शब्दात ६३ एक असले तर ० व ६४ असले तर १ असे उत्तर येते. तिथे आठ बिटांचे गट आणि २५५ हा भाजक घ्यावा. १७५ वी नोंद तितकेच १ असलेली पुढची मोठी संख्या देते (६ वरून ९). तिच्यात भागाकार असल्याने ० दिल्यास शून्याने भागण्याची वेळ येते.

आयबीएममधील हेन्री वॉरन यांचा ‘हॅकर्स डिलाइट’ (२००२) हा या विषयाचा मुख्य ग्रंथ. क्लृप्ती का चालते याच्या सिद्धतेसोबत ती कुठे मोडते हेही तो सांगतो, यात त्याचे खरे मोल आहे. स्थिरांकाने भागण्याचे प्रकरण सर्वांत भरीव: ३२ बिटांच्या चिन्हरहित (ऋण नसलेल्या) संख्येला १० ने भागण्यासाठी ३४३५९७३८३७ ने गुणून ६४ बिटांचा गुणाकार ३५ जागा उजवीकडे सरकवतात. ७ साठी गुणक ३३ बिटांचा होतो, त्यामुळे जादा बेरीज करावी लागते आणि तिचा हातचा सांभाळावा लागतो. दुसऱ्या आवृत्तीत सीआरसी (माहितीतील चुका ओळखण्याची पद्धत) व त्रुटिदुरुस्ती संकेतांची प्रकरणे आणि स्वाध्यायांची भर पडली.

कनूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेतील ४-अ खंडाचा (२०११) ७.१.३ हा विभाग इतिहासासाठी अधिक उपयुक्त आहे.