कंप्रेसर बघून ‘कंपनी एसी’ म्हणू नका

मार्च सरत आला की आमच्या सोलापुरात हैदराबाद रोडच्या गॅरेजांपासून मार्केट यार्डाच्या गेटापर्यंत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "जुन्या पिकअपला कंपनी एसी बसवून घेतला बे." सांगणारा लगेच बॉनेट उचलतो आणि कंप्रेसरवरचं नाव दाखवतो. मी मात्र दार उघडून डॅशबोर्डाखाली बघतो. ग्लोव्ह बॉक्सच्या खाली काळा डबा लटकलेला असतो, त्याला तीन जाळ्या आणि दोन गोल बटणं. हा अंडरडॅश एसी. तो वाईट असतो असं नाही, पण कंपनी एसी, म्हणजे कारखान्यात डॅशबोर्डाच्या आत बसतो त्या पद्धतीचा, तो नव्हे. दोन्हींतला फरक न कळल्यामुळे लोक भलत्याच गोष्टीवर पैसे घालतात, आणि दर उन्हाळ्यात हे बघून आता कंटाळा आलाय.

कंप्रेसरचा मुद्दा आधी निकालात काढू. कारखान्यातून एसीसकट निघालेल्या गाडीतही कंप्रेसर सँडेन, सुब्रोस, डेन्सो असल्याच कुणाचा तरी असतो. त्याच नावांचे कंप्रेसर बाजारातही मिळतात. गॅस दोन्हींत आर-१३४ए. ओलावा शोषणारा ड्रायर, गॅसचा दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कंप्रेसर जोडणारा-सोडणारा मॅग्नेट क्लच हेही दोन्हीकडे असतंच. पाइप ॲल्युमिनियमचे की रबराचे यावरून वाद घालणाऱ्यांना माझा नमस्कार. कंप्रेसर गॅस दाबतो, कंडेन्सर उष्णता बाहेर टाकतो, कूलिंग कॉइल गार होते आणि ब्लोअर तिच्यावरून हवा ढकलतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यावर आणखी लिहीत नाही.

खरा फरक गॅसच्या वाटेत सापडत नाही, हवेच्या वाटेत सापडतो. कॉइलवर येणारी हवा कुठून येते आणि गार होऊन कुठे जाते, एवढं बघितलं की एसी कुठल्या पद्धतीचा ते कळतं.

कंपनी पद्धतीत डॅशबोर्डाच्या पोटात एक बंद बॉक्स असतो. त्याच्या तोंडाशी झडप असते. एका बाजूला ती काचेखालच्या जाळीतून बाहेरची हवा घेते, दुसऱ्या बाजूला केबिनमधलीच हवा परत ओढते. ती हवा ब्लोअरमधून कॉइलवर जाते. कॉइलच्या पुढे हीटरची छोटी जाळी असते आणि तिच्यापाशी गरम-गार मिसळणारी दुसरी झडप. शेवटी हवा डक्टमधून वाटली जाते: तोंडावर, पायाशी किंवा पुढच्या काचेवर. म्हणजे एसी, हीटर आणि काच पुसणं ही तिन्ही कामं एकाच वाटेवर होतात.

अंडरडॅशमध्ये हा बॉक्सच नसतो. तो डबा पायापाशी असलेली केबिनची हवा ओढतो, गार करतो आणि समोर फेकतो. बाहेरच्या हवेशी, हीटरशी, काचेशी त्याचा काही संबंध नाही. गाडीचा जुना ब्लोअर आणि जुनी हवेची जाळी आपापल्या जागी तशीच राहतात.

इथेच गोंधळ होतो. नवीन लावलेला अंडरडॅश पहिल्या दहा मिनिटांत चांगला गार करतो, कधीकधी शेजारच्या कंपनी एसीपेक्षाही लवकर. मालक खूश होतो आणि "कंपनीपेक्षा भारी" असं गावभर सांगत फिरतो. तो खोटं बोलत नसतो, पण कारण त्याला माहीत नसतं. अंडरडॅश कायम केबिनचीच हवा फिरवतो. शेजारच्या गाडीत मात्र झडप बाहेरच्या हवेवर राहिलेली असते.

हिशोब करून बघा. ब्लोअर तासाला ३०० घनमीटर हवा ढकलतो असं धरू. बाहेर मे महिन्यातले ४३ अंश, केबिनमध्ये २७. बाहेरची हवा आत घेऊन ती नुसती २७ वर आणायलाच सुमारे दीड किलोवॅट थंडावा खर्ची पडतो. पिकअपच्या एसीची ताकद साडेचार किलोवॅट धरली, तर एक तृतीयांश इथेच गेला. छताच्या एका पत्र्यातून, इंजिनाच्या भिंतीतून आणि काचेतून येणाऱ्या उन्हाशी लढणं अजून बाकीच आहे. झडप आतल्या हवेवर लावली की हे दीड किलोवॅट वाचतात. नवा कंप्रेसर टाकून एवढा फरक पडत नाही.

आणि ही झडप बहुतेकदा एका केबलवर चालते. केबल जरा सरकली, क्लिप तुटली किंवा झडपेचा फोम कुजून गळून पडला, की बटण ‘आतली हवा’ दाखवतं आणि झडप अर्धी उघडीच राहते. मग "कूलिंग कमी आलंय, गॅस भरा" सुरू होतं. हीटरच्या व्हॉल्व्हचंही तेच. इंजिनाचं गरम पाणी त्यातून थोडं जरी झिरपत राहिलं, तरी कॉइलवर गार झालेली हवा पुढच्याच वळणावर कोमट होते. बाजूला कंप्रेसर बदललेला असतो, गॅस दोनदा भरलेला असतो, आणि दोष निघतो एका झडपेचा. ओळखायची रीत सोपी आहे. इंजिन गार असताना हीटरचा पाइप चिमटून बंद करा आणि मग एसी चालवून बघा. हवा एकदम गार आली, तर गॅसवाल्याकडे जायचं कारण नाही.

म्हणून जुन्या गाडीत कंपनी पद्धतीचा बॉक्स बसवताना मी पहिला पैसा झडपांच्या फोमवर आणि केबलींवर घालायला सांगतो. कामाच्या पसाऱ्यात या गोष्टी कुणाच्या नजरेतही भरत नाहीत.

अंडरडॅशची उणीव कळते पावसात. एप्रिलमध्ये बसवलेल्या एसीचं कौतुक जुलैत ओसरतं. सोलापूरहून कांदा घेऊन वाशीला निघालेली गाडी रात्री खंडाळ्याच्या घाटात पावसात सापडली, केबिनमध्ये तिघं बसलेले, की पुढची काच आतून धुरकट होते. कंपनी पद्धतीत हवा आधी कॉइलवरून जाऊन कोरडी होते, मग हीटरवरून थोडी कोमट होते आणि काचेवर सोडता येते. मिनिट-दोन मिनिटांत काच साफ. अंडरडॅशमध्ये गार हवा गुडघ्यांवर येते आणि ड्रायव्हर फडक्याने काच पुसत घाट उतरतो. घाटातून नेहमीची ये-जा असेल तर एवढ्या एका कारणासाठी मी अंडरडॅश नको म्हणेन.

पाण्याचंही तसंच. एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कॉइलवरून फारसं पाणी गळत नाही, त्यामुळे पाण्याची नळी नीट उतारावर लावली आहे की नाही ते तेव्हा कळतच नाही. पाऊस लागला की मधल्या सीटवरच्या माणसाच्या पायावर थेंब पडायला लागतात आणि मॅट कुजते. बॉक्स डॅशच्या आत असला तर नळी इंजिनाच्या भिंतीतून थेट बाहेर निघते. मधल्या सीटवरूनच आठवलं: तिघांच्या केबिनमध्ये अंडरडॅशच्या मधल्या जाळीपुढे त्याच माणसाचे गुडघे येतात. ड्रायव्हरला हवा मिळत नाही, आणि ज्याला मिळते त्याला थंडी वाजते.

उलट बाजूही सांगायला हवी. आतलीच हवा फिरवण्याचा फायदा असला तरी कायम तसं चालवू नये. काचा लावलेल्या केबिनमध्ये तिघांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोकं जड होतं आणि जांभया सुरू होतात. रात्री हैदराबादच्या रस्त्यावर ते परवडत नाही. कंपनी पद्धतीत मधूनमधून झडप बाहेरच्या हवेवर फिरवता येते. अंडरडॅशवाल्याने काच जराशी खाली करावी.

आता बॉनेटखाली. इथे दोन्ही पद्धतींची परीक्षा सारखीच होते, आणि दोन्हीकडे सारखाच कंजूषपणा केला जातो. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे त्याने टाकलेली उष्णता आधी रेडिएटरला लागते. एसीसकट आलेल्या मॉडेलमध्ये कंपनीने याचा विचार करून रेडिएटर, पंख्याचं आवरण, जादा इलेक्ट्रिक पंखा यांची सोय केलेली असते. तुमच्या बिनाएसीच्या गाडीत ती असेलच असं नाही. हायवेवर सत्तरच्या वेगात सगळं ठीक चालतं. सात रस्त्याच्या सिग्नलला किंवा यार्डात माल भरताना, गाडी चालू ठेवून उभी राहिली की इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागतो. आर-१३४ए ची वाफ कंडेन्सरमध्ये ६० अंशांना द्रव होत असेल, तर तिथला दाब गेजवर साधारण २३० पीएसआय दिसतो. ७० अंशांना तोच २९० च्या घरात जातो. म्हणजे पंखा कमी पडला की कंप्रेसरला तेवढं जास्त रेटावं लागतं, पट्टा घसरतो, इंजिन दमतं. कंडेन्सर पॅरलल फ्लोचाच घ्या, म्हणजे गॅस एकाच वेळी अनेक बारीक नळ्यांतून नेणारा, आणि पंखा प्रेशर स्विचवर लावा, म्हणजे गॅसचा दाब वाढला की तो आपोआप चालू होईल. डॅशवर वेगळं बटण देऊन ड्रायव्हरच्या आठवणीवर सोडू नका.

वायरिंगबद्दल थोडक्यात: पंख्याला, ब्लोअरला आणि क्लचला रिले आणि फ्यूज वेगवेगळे हवेत. हेडलाइटच्या वायरला टाका मारून एसी चालवणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला एसी लागला की आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, उचलणारं यंत्र लागतं. कॉम्प्युटरवर डिझेल फवारणारं कॉमन रेल इंजिन असेल तर एसी चालू झाल्याचा संकेत त्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, जायला हवा, नाहीतर सिग्नलला गाडी थरथरते. कंपनी पद्धतीच्या बाजूने हाही एक मुद्दा आहे, कारण त्याच मॉडेलच्या एसीवाल्या गाडीची वायरिंग बघून काम करता येतं.

गॅसबद्दल माझी एक चीड आहे. "थोडा गॅस टाकून बघू" हे वाक्य मला सहन होत नाही. बंद यंत्रणेतला गॅस कमी झाला म्हणजे तो कुठून तरी गळतो आहे. कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन गळती शोधायची, ड्रायर नवा टाकायचा, निदान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम धरायचा, म्हणजे पंपाने पाइपांतली हवा-ओलावा ओढून काढायचा, आणि मग वजनावर गॅस भरायचा. टायरच्या हवेने दाब तपासणारा माणूस तुमच्या पाइपात ओलावा भरतो आहे. आणि स्वस्तात ज्वलनशील गॅस भरून देतो म्हणणाऱ्याकडून सरळ निघून या. तुमच्या पायापाशीच कॉइल आहे.

मग घ्यावं काय? तुमच्या पिकअपचं त्याच काळातलं एसी मॉडेल कंपनीने काढलं असेल, तर अपघातात गेलेल्या गाडीचा पूर्ण बॉक्स, डक्ट आणि डॅशचं पॅनल शोधा. बोलेरो पिकअपसारख्या गाडीत नाव तेच राहून डॅशबोर्ड बदलत गेलाय, म्हणून नावावर जाऊ नका, आपल्या गाडीचा जुना बॉक्स काढून समोर ठेवून जुळवा. बॉक्स जुना चालेल, कॉइल मात्र नवीच घाला. जुनी कॉइल गळली तर अख्खा डॅशबोर्ड पुन्हा उतरवावा लागतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हही त्याच वेळी नवा. गाडी दोन-तीन दिवस गॅरेजात राहील, तेवढी तयारी ठेवा. घाईने डॅश बसवला की वर्षभर खडखडतो.

मॉडेलमध्ये एसी कधी आलाच नसेल, जुन्या टाटा २०७ वाल्यांची बऱ्याचदा हीच अडचण असते, तर कंपनी एसीचा हट्ट सोडा. दुसऱ्याच गाडीचा बॉक्स कापून-जोडून कोंबण्यापेक्षा सरळ अंडरडॅश घ्या आणि वाचलेले पैसे केबिन बंद करण्यावर घाला. काचेखालची जुनी जाळी बंद करायला झाकण, गिअरचा फाटलेला बूट, क्लचच्या केबलीचं भोक, दारांची रबरं, छताच्या आतून इन्सुलेशन. डबा पायापाशी हवा ओढतो, आणि सगळ्यात तापलेली हवा इंजिनाच्या भिंतीतून तिथेच येते. ती भोकं बुजवली की तोच डबा वेगळा वाटायला लागतो.

२०२५ पासून साडेतीन टनांवरच्या नव्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, म्हणून "आता आपल्यालाही बसवावाच लागणार" असं काहीजण सांगतात. पिकअप बहुतेक त्या वजनाच्या खालीच येतात, आणि नियम नव्या गाड्यांचा आहे. भीती घालून एसी विकणाऱ्याचं ऐकू नका.

गाडी ताब्यात घेताना दुपारी दोनला जा, सकाळी नको. काचा बंद, झडप आतल्या हवेवर, इंजिन १५०० आरपीएमला, दहा मिनिटं. मधल्या जाळीत थर्मामीटर खुपसा. बाहेर ४० असताना १० ते १४ अंश दिसले तर काम चांगलं झालंय. मग, कंपनी पद्धतीचा बॉक्स असेल तर, झडप बाहेरच्या हवेवर फिरवा. आकडा चढायला हवा. चढला नाही तर झडप फिरतच नाही, आणि पैसे देण्याआधी ते करून घ्या.