तंबाखूशिवायची सुपारीही निर्धोक नाही

‘मी तंबाखूला हात लावत नाही, जेवणानंतर नुसती सुपारी चघळतो,’ हे घरोघरी ऐकू येतं. हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच खुद्द सुपारीला कॅन्सरकारक ठरवलं, तंबाखू नसली तरी! सुपारीतल्या अरेकोलिन या रसायनामुळे गालाच्या आतलं अस्तर पांढुरकं, कडक होत जातं. आधी तिखट झोंबतं, मग तोंडच उघडेनासं होतं. आपलीच तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर दंतवैद्याला लगेच दाखवा. सुगंधी पुडीतली गोड सुपारीही सुपारीच. लग्नाच्या पंगतीनंतर ती लहान मुलांच्या हातावर ठेवलेली मला बघवत नाही. त्यांना बडीशेप द्या ना!