जनरेटरवर कॅम्परची बॅटरी चार्ज करणे

वीजजोडणी नसलेल्या मुक्कामी कॅम्पर गाडीच्या राहत्या भागातली बॅटरी छोट्या पेट्रोल जनरेटरने भरून घेण्याची पद्धत. मुंबईकराला जनरेटर म्हटले की मांडवामागे धडधडणारा डिझेलचा धूड आठवतो. इथला जनरेटर एका हाताने उचलता येतो.

मुंबईहून माळशेज, भंडारदरा किंवा कोकणाकडे निघणाऱ्या गाड्यांना त्याची खरी गरज पावसाळ्यात भासते. छतावरचे सौर पॅनेल एप्रिल-मेमध्ये दिवसाचा खर्च भरून काढते. जुलैत चार दिवस ढग हटले नाहीत की त्याच पॅनेलवर जेमतेम दिवे लागतात, आणि फ्रिज तर चालूच असतो. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्याकडच्या उकाड्यात दिवसाला ३०-४० अँपिअर-तास (बॅटरीतला साठा मोजण्याचे एकक) सहज खातो.

बऱ्याच जनरेटरना १२ व्होल्टची वेगळी जोडणी असते. नवखे लोक बॅटरी तिथेच लावतात आणि फसतात. तिच्यातून साधारण ८ अँपिअरच मिळतात, शिवाय बॅटरी भरत आली की प्रवाह आवरणारे त्यात काही नसते. २३० व्होल्टच्या सॉकेटवर चांगला स्वयंचलित चार्जर लावणे हाच बरोबर मार्ग. ४० अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टला ५७६ वॉट बॅटरीत घालतो; वाया जाणारी वीज धरली तरी १ केव्हीएचा, म्हणजे हजार वॉटच्या आसपासचा, इन्व्हर्टर जनरेटर (आतल्या इलेक्ट्रॉनिक्सने स्थिर वीज देणारा) सहसा पुरतो. वेग चार्जर ठरवतो, म्हणून त्याहून मोठ्या जनरेटरवर पैसे घालवू नयेत.

शिसे-आम्ल बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते. उरलेल्या २० टक्क्यांना काही तास लागतात, कारण ती घेत असलेला प्रवाह घटत जातो आणि जनरेटर थोड्याशा अँपिअरसाठी पेट्रोल जाळत बसतो. म्हणून सकाळी दीड-दोन तास चालवून बंद करावा. बाकीचे काम उन्हावर किंवा पुढच्या प्रवासावर सोडावे. मात्र अर्धवट भरलेली बॅटरी दिवसेंदिवस तशीच ठेवली तर तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि क्षमता जाते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण प्रवाह घेते, पण चार्जर तिला साजेसा हवा.

सगळ्यात जपायचे ते धुरापासून. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. पाऊस कोसळत असताना जनरेटर गाडीच्या छज्जाखाली किंवा डिकीत सरकवण्याचा मोह होतो. जीव जातो तो तिथेच. जनरेटर गाडीपासून किमान २० फूट दूर, धुराचे तोंड गाडीच्या उलट, वारा वाहत जातो त्या बाजूला वळवून, फळीवर आणि चारही बाजूंनी मोकळ्या आडोशाखाली ठेवावा. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. जनरेटर चालू ठेवून झोपू नये. पेट्रोल इंजिन थंड झाल्यावरच ओतावे.

आवाजाचेही भान लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ रात्र मानली आहे, आणि निवासी भागात तेव्हा मर्यादा ४५ डेसिबलची आहे. गावाशेजारच्या मुक्कामी हे पाळलेच पाहिजे.

शहरात परतल्यावर सोसायटीतल्या साध्या प्लगवर काम भागते आणि जनरेटर महिनोन्‌महिने पडून राहतो. टाकीत पेट्रोल तसेच राहिले तर ते शिळे होऊन कार्ब्युरेटर चिकटतो. म्हणून टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच जनरेटर ठेवून द्यावा.