छातीचं ऑपरेशन किंवा छातीला मार : घरी आल्यावर काय सांभाळायचं

आम्ही वडोदऱ्यात घरपोच नर्स, अटेंडंट आणि भाड्याने हॉस्पिटल बेड पुरवतो. बायपास, व्हॉल्व्हचं ऑपरेशन किंवा बरगड्या मोडलेल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी हे पत्रक आहे. डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर वेगळं काही लिहिलं असेल तर तेच पाळा.

दुखणं सोसू नका

आमची सर्वांत कळकळीची विनंती हीच आहे. आपल्याकडची वडीलधारी माणसं कण्हत नाहीत, गोळीही टाळतात. छातीच्या रुग्णाला हे सोसणं महागात पडतं. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. मग फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो, तो भाग मिटतो आणि न्यूमोनिया होतो. बरगडी साधारण ६ आठवड्यांत आपोआप जुळते. म्हाताऱ्या माणसाला मोडलेल्या बरगडीपेक्षा जास्त धोका या न्यूमोनियाचा असतो. म्हणून लिहून दिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर द्या आणि तिचा असर असताना श्वासाचा व्यायाम करून घ्या.

तीन छोट्या चेंडूंचं स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं उपकरण) बहुतेकांना मिळतं, पण पुष्कळ जण त्यात फुंकतात. ते फुंकायचं नसतं, सावकाश ओढायचं असतं. जागेपणी दर तासाला दहा वेळा. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी. बरगड्या मोडल्या असतील तर छातीला कापड आवळून बांधू नका, त्याने श्वास आणखी उथळ होतो. (ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेला छातीचा पट्टा वेगळा, तो त्यांच्या सांगण्याप्रमाणे वापरावा.)

हाड जुळेपर्यंत

बायपासमध्ये बहुधा छातीचं मधलं हाड उभं कापून पुन्हा स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. ते सांधायला ६ ते ८ आठवडे, पुरतं पक्कं व्हायला सुमारे ३ महिने लागतात. तोवर चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये. भरलेली बादली, गॅसची टाकी, नातवंड, सगळं त्यात आलं.

झोपाळ्याबद्दल मुद्दाम सांगतो, कारण इथे घरोघरी तो असतो. कड्या धरून हाताच्या जोरावर उठलं की सगळा ताण त्या हाडावर येतो. काही आठवडे रुग्णाला हात असलेल्या, जरा उंच खुर्चीत बसवा. उठताना हात छातीवर ठेवून पायांच्या जोरावर उठायचं. अटेंडंटने किंवा घरच्यांनी काखेत हात घालून ओढायचं नाही. स्कूटर चालवणं बंद, मागे बसणंही बंद.

हलताना छातीत 'कट' असा आवाज किंवा हाड सरकल्यासारखं वाटलं, जखमेतून पाणी वा पू आला, ताप चढला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. हाडापर्यंत गेलेला संसर्ग फार वाईट. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं हाच त्यावरचा मोठा बचाव आहे. बायपाससाठी पायातून शीर काढली असेल तर बसताना तो पाय वर ठेवावा, आणि त्याही जखमेकडे रोज बघावं.

रक्त पातळ करणारी गोळी

धातूचा व्हॉल्व्ह बसवला असेल तर वॉरफॅरिन किंवा त्याच जातीची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे सांगणारी रक्ततपासणी) तपासत राहावं लागतं. मेथी-पालक बंद करायची गरज नाही. प्रमाण मात्र रोज साधारण सारखं ठेवा. हिवाळ्यात एकदम भाजीचा मारा केला तर आयएनआर खाली येतो. अंगदुखीची गोळी मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. शौच काळी झाली, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं किंवा डोक्याला मार लागला तर दवाखाना गाठा. आमची नर्स रिपोर्ट डॉक्टरांना कळवेल, पण डोस स्वतःहून बदलणार नाही. तसा आग्रह कृपया करू नका.

ज्यात थांबायचं नाही

अचानक दम लागणं, ओठ निळसर होणं, भोवळ, छातीत नव्याने दाब, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं : १०८ लावा, आम्हाला नंतर. छाती अनियमित धडधडत असेल तर, ऑपरेशननंतर हे बऱ्याच जणांना होतं आणि त्यावर औषध असतं, पण त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रोज सकाळी लघवीनंतर वजन करा. दिवसात एक किलो किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर शरीरात पाणी साठत असण्याची शंका घ्यावी आणि फोन करावा.

उत्तरायणात (संक्रांतीला) पतंग उडवताना गच्चीवरून पडून छातीवर आपटलेल्यांसाठी : पहिला एक्स-रे साफ असला तरी फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त पुढच्या काही दिवसांतही साचू शकतं. दम वाढत चालला तर पुन्हा एक्स-रे काढायलाच हवा.

आम्ही पहिल्यांदा येऊ तेव्हा

डिस्चार्ज कार्ड, चालू औषधं, शेवटचा आयएनआर आणि सर्जनच्या दवाखान्याचा नंबर एका पिशवीत काढून ठेवा. वाडी, रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या घरांत जिना उभा असतो. बेड वर न्यायच्या आधी आम्ही जिन्याचं माप घेतो. शक्य असेल तर रुग्णाची सोय पहिले काही आठवडे तळमजल्यावरच करा.