दार-एस-सलाम बंदरातले २७७ कंटेनर: टांझानियाच्या निर्यातबंदीची पार्श्वभूमी

टांझानियात खाणीत पैसा घालण्याआधी गुंतवणूकदार आता एक प्रश्न हमखास विचारतो: माल कोणत्या रूपात देशाबाहेर जाणार? या प्रश्नाचं मूळ ३ मार्च २०१७ च्या बंदीत आहे: सोनं-तांब्याचा माल न वितळवता देशाबाहेर पाठवायला तेव्हा मनाई झाली.

१९९८ च्या कायद्यात सोन्यावर ३ टक्के रॉयल्टी होती, २०१० मध्ये ती ४ टक्के झाली. तिजोरीत फारसं काही येत नाही ही सरकारची तक्रार तरीही राहिली, आणि ती निराधार नव्हती.

उत्तर मारा खाणीतून सोनं डोरे, म्हणजे पूर्ण शुद्ध न केलेल्या सोन्याच्या विटांच्या रूपात निघतं, त्यामुळे तिला बंदीची झळ लागली नाही. बुलियानहुलू आणि बुझवागी या खाणींच्या खनिजात मात्र तांब्याचं सल्फाइड असतं. फ्लोटेशननंतर, म्हणजे दळलेलं खनिज पाण्यात फेसावर तरंगवून वेगळं केल्यावर, सोनं, तांबं, चांदी एकवटलेली भुकटी हाती येते, ती म्हणजे कॉन्सन्ट्रेट. स्थानिक भाषेत 'माकिनिकिया'. ती वितळवणारी भट्टी देशात नव्हती आणि वर्षाला साधारण ५०,००० टन मालावर ती परवडणारीही नव्हती.

खरा वाद नमुन्यांचा. मे २०१७ मध्ये सरकारी समितीने बंदरात अडकलेल्या कंटेनरमध्ये टनामागे सरासरी १,४०० ग्रॅम सोनं असल्याचं सांगितलं. या खाणी चालवणाऱ्या अकेशिया कंपनीचा आकडा २०० ग्रॅमच्या आसपास होता. २७७ कंटेनर, प्रत्येकी २० टन धरले तर माल ५,५४० टन. म्हणजे समितीच्या हिशेबाने ७.८ टन सोनं, कंपनीच्या हिशेबाने १.१ टन. समितीचा दर वर्षभराच्या मालाला लावला तर दोनच खाणींच्या भुकटीतून ७० टन सोनं निघायला हवं; साऱ्या देशाचं जाहीर उत्पादनच तेव्हा ४५ टनांच्या घरात होतं. एवढा फरक भट्टीवाल्याच्या बिलात लपत नाही.

अशा व्यवहाराची रीत ठरलेली आहे. कंटेनरमध्ये ठरावीक अंतरावर नळी खुपसून तळापर्यंतचा माल काढायचा, ओलावा मोजून कोरडं वजन धरायचं आणि नमुन्याचे सीलबंद वाटे करायचे: एक विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा, एक पंचाचा. दोघांचे आकडे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की पंचाचा वाटा फोडायचा. इथे दोन्ही बाजूंना मान्य असा तिसरा आकडा जाहीर झालाच नाही.

जुलैत सरकारकडून कंपनीला १९,००० कोटी डॉलरची करमागणी आली. देशाच्या वार्षिक जीडीपीच्या तिपटीहून मोठी. त्याच महिन्यात कायदेही बदलले: रॉयल्टी ६ टक्के, वर १ टक्का तपासणी शुल्क, सरकारला किमान १६ टक्के फुकट हिस्सा, परदेशी लवादाला मनाई. 'कच्च्या' खनिजाच्या निर्यातीवर भरलेल्या व्हॅटचा परतावाही बंद झाला. कच्चं कशाला म्हणायचं यावरून पुढे बरीच भांडणं झाली.

अखेर कंपनीकडून ३० कोटी डॉलर आणि आर्थिक लाभाची सरकारशी निम्मी वाटणी यावर तडजोड ठरली. करारावर सह्या जानेवारी २०२० मध्ये झाल्या आणि त्यानंतरच अडकलेला माल जहाजावर चढला. बुझवागी २०२१ मध्ये बंद झाली. २०१७ च्या कायद्यांत धारण-परवाने (खाण सुरू न करता साठा राखून ठेवायचे परवाने) रद्द करणारी तरतूदही होती; तिचा हिशेब मात्र पुढे निघाला: २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने एका निकेल प्रकल्पापोटी १० कोटी डॉलरहून जास्त भरपाई टांझानियाच्या माथी मारली.