खोक्यावरचा वेग आणि रॅमवरचा आळ
घरी जोडलेला संगणक वारंवार ब्लू स्क्रीन (अचानक बंद पडताना दिसणारा निळा पडदा) दाखवू लागला की रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची, पट्टीच खराब आहे, असे सर्रास सांगितले जाते. ते पुष्कळदा चुकीचे असते. डीडीआर४ या प्रकारच्या रॅम पट्टीच्या खोक्यावर ३६०० (सेकंदाला इतकी दशलक्ष डेटा-हस्तांतरणे) हा वेग छापलेला असला, तरी जेडेक या मेमरीची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकातील मर्यादा १.२ व्होल्टवर ३२०० इतकीच आहे. त्यापुढचा वेग म्हणजे एक्सएमपी (पट्टीत साठवलेली जास्त वेगाची तयार मांडणी) चालू करून, बहुधा १.३५ व्होल्टवर केलेले ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे मानकापेक्षा जास्त वेगाने चालवणे, असते आणि ते प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरला (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागाला), विशेषतः चार पट्ट्या बसवल्यावर, पेलेलच असे नाही. म्हणून कळकळीने सांगावेसे वाटते, की आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी बंद करून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पूर्ण चालू द्यावे. तरीही चुका दिसल्या, तर प्रत्येक पट्टी एकाच स्लॉटमध्ये आळीपाळीने तपासावी. सगळ्याच पट्ट्या तिथे नापास झाल्या, तर संशय स्लॉटवर किंवा प्रोसेसरवर घ्यावा.